जुन्या खेळांतील नवे उमेदवार

एखाद्या कलेचें वय तिच्यांतील श्रेष्ठ कृतींची यादी पाहून कळत नाहीं. श्रेष्ठ कृति कला म्हातारी झाल्यावरही होतात. किंबहुना पुष्कळ वेळां त्या तेव्हांच होतात. कला जिवंत आहे कीं केवळ जतन करून ठेविलेली आहे, हें ओळखण्याची खूण निराळी आहे. काल दारांत आलेल्या, अजून हात न वळलेल्या, आपली पहिली कृति भीत भीत पुढें करणाऱ्या माणसाशीं त्या कलेंतील जुनीं माणसें कशीं वागतात, तें पाहावें. या कसोटीचें एक चांगलें उदाहरण आम्हांस साहित्यांत नव्हे, तर संगणकावरील एका खेळाभोंवतीं जमलेल्या हौशी मंडळींत सांपडलें. वाचकांपैकीं कित्येकांस हा विषय या मासिकास परका वाटेल. तरी त्याची थोडी विस्तारानें चर्चा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा खेळ म्हणजे ‘डूम’. अमेरिकेंतील टेक्सस राज्यांतल्या ‘इड सॉफ्टवेअर’ नांवाच्या एका लहानशा कंपनीनें तो १० डिसेंबर १९९३ रोजीं प्रसिद्ध केला. त्याचें कथानक दोन ओळींत आटोपतें: मंगळाच्या उपग्रहांवर राक्षस माजले आहेत आणि एका एकाकी शिपायानें बंदुकीच्या बळावर त्यांच्यांतून वाट काढावयाची आहे. त्यांतील रक्तपाताविषयीं त्या काळीं पुष्कळ आरडाओरड झाली आणि ती अगदींच अकारण होती असें आम्ही म्हणणार नाहीं. हा खेळ लहान मुलांच्या हातीं देण्यासारखा नव्हे. परंतु आमच्या प्रस्तुत विषयाचा संबंध खेळाच्या कथानकाशीं नसून त्याच्या बांधणीशीं आहे.

जॉन कारमॅक हा त्या मंडळींतील मुख्य तंत्रज्ञ. त्यानें खेळ चालविणारें यंत्र आणि त्या यंत्रानें दाखवावयाचा मजकूर, म्हणजे नकाशे, चित्रें, आवाज वगैरे, हीं दोन्ही एकमेकांपासून अलग ठेविलीं. मजकूर ज्या फायलींत भरला होता तिला ‘वॅड’ असें नांव होतें. याच कंपनीच्या १९९२ सालच्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ या खेळांतील चित्रें बदलण्याचा खटाटोप हौशी लोकांनीं पूर्वींच केला होता. पण त्यासाठीं मूळ फायलींवरच आपलें काम चढवावें लागे. डूममध्यें मूळ वॅडला धक्का न लावतां तिच्या जोडीस आपली वॅड दिली कीं काम भागे. एखाद्या छापखान्याच्या मालकानें ‘यंत्र आमचें, मजकूर तुमचा’ असें म्हणून आपला छापखाना गांवांतील कोणाही माणसास मोकळा करावा, तशांतलाच हा प्रकार झाला. खेळांत अशी आपली भर घालण्यास ‘मॉडिंग’ म्हणतात. डूमच्या बाबतींत ही भर बहुतेक नकाशांची असते. नकाशा म्हणजे कागदावरील आराखडा नव्हे. खेळणाऱ्यास प्रत्यक्ष हिंडतां येईल अशी दालनें, जिने, भुयारें व अंगणें यांची ती एक पुरी वास्तु असते.

१९९४ च्या आरंभींच न्यूझीलंड व बेल्जियम या पृथ्वीच्या दोन टोकांस असलेल्या देशांतील हौशी तंत्रज्ञांनीं मिळून नकाशे रचण्याचें ‘डीईयू’ नांवाचें साधन तयार केलें आणि तें फुकट वांटलें. मग ज्याला त्याला नकाशे रचण्याचें वेड लागलें. त्या वर्षीं नवशिका नव्हता असा कोणी नव्हताच. शिकविणारा कालचा आणि शिकणारा आजचा, एवढाच काय तो भेद. पुष्कळांचा पहिला नकाशा स्वतःच्या राहत्या घराचा असे. दिवाणखाना, स्वयंपाकघर, वरच्या मजल्यावरील निजावयाची खोली, आणि स्वयंपाकघरांत ओट्याशेजारीं उभा असलेला एक राक्षस! कोणी शाळा रचली, कोणी कचेरी रचली. कला या दृष्टीनें त्यांची किंमत थोडी. पण याच उमेदवारींतून पुढचे कारागीर निघाले. त्याच वर्षीं जस्टिन फिशर यानें ‘एलियन्स’ या चित्रपटाच्या जगावर बेतून साऱ्या खेळाचें रूप पालटून दाखविलें. १९९६ सालीं खुद्द कंपनीनें ‘फायनल डूम’ या नांवानें बत्तीस बत्तीस नकाशांचे दोन संच विकावयास काढले. त्यांतील एक संच हौशी मंडळींनीं मूळ फुकट वांटण्यासाठीं केलेला होता, आणि दुसरा दारिओ व मिलो कासाली या दोघां भावांचा होता. तीन वर्षांच्या आंत वाचकांचे लेखक झाले होते.

२३ डिसेंबर १९९७ रोजीं कारमॅकनें खेळाच्या यंत्राचा मूळ संकेतही जगास खुला केला. त्यामुळें जुने संगणक मोडींत निघाले तरी खेळ नव्या संगणकांवर चालत राहिला. डूम आज तीस वर्षांनंतरही टिकून आहे याचें कारण विचारलें असतां बहुतेक जाणकार हेंच सांगतात. तें खरें आहे, पण पुरें नाहीं. यंत्र चालूं राहणें निराळें आणि परंपरा चालूं राहणें निराळें. चालण्यासारखे असूनही ज्यांचा कोणी वाली उरला नाहीं असे जुने खेळ पुष्कळ आहेत. दर सालीं नवीं माणसें येऊन पहिला नकाशा रचतात, म्हणून डूम जिवंत आहे. आणि हीं माणसें कशामुळें येतात व कशामुळें परत जातात, हाच आमचा प्रश्न आहे.

कारण वय वाढेल तसें कलेचें दार आपोआप अरुंद होत जातें. १९९४ मध्यें चार ओबडधोबड खोल्या रचणाऱ्याच्या शेजारीं चार ओबडधोबड खोल्या रचणारेच बसलेले होते. आज नकाशे रचण्याचीं साधनें कितीतरी सोपीं झालीं आहेत. पण आजचा उमेदवार ज्यांच्या शेजारीं बसतो त्यांपैकीं कित्येकांची साधना वीस-पंचवीस वर्षांची आहे. खेळास पंचवीस वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, १० डिसेंबर २०१८ रोजीं, ‘एव्हिटर्निटी’ नांवाचा बत्तीस नकाशांचा जो संच प्रसिद्ध झाला, त्यांतील प्रचंड देवालयें आणि प्रकाशाची योजना पाहिल्यावर नवशिक्यानें आपल्या वांकड्या भिंतींकडे कोणत्या तोंडानें पाहावें? त्याला कोणी कांहीं बोललेंच पाहिजे असें नाहीं. श्रेष्ठ कृति स्वतः न बोलतांही पुष्कळांस गप्प बसविते.

त्यांतून कोणी बोललें तर विचारावयासच नको. २००४ पासून दर डिसेंबरांत या मंडळींत वर्षांतील उत्तम कृतींची निवड जाहीर होते. खेळांतील एका राक्षसाच्या नांवावरून या पारितोषिकांस ‘काकोवॉर्ड’ म्हणतात. हा उपक्रम सर्वथैव स्तुत्य आहे. दर वर्षीं बाहेर पडणाऱ्या शेंकडों कृतींतून दहा-वीस निवडून त्यांवर मन लावून लिहिणें हें टीकाकाराचेंच काम होय, आणि तें तेथें बहुधा चांगलें झालेलें आहे. परंतु आरंभींच्या कांहीं वर्षांत त्या यादींत वर्षांतील सर्वांत निकृष्ट कृतीसही जागा दिलेली असे. मुद्दाम वाईट केलेल्या कृतीस हंसलें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण तें हंसणें ऐकून आपला पहिला नकाशा पेटींतच ठेवणारा जो कोणी असेल, त्याची नोंद कोठेंच होत नसते. पुढें ही निवड बंद झाली, हें फार बरें झालें. निकृष्टाची थट्टा करण्यानें दर्जा वाढतो अशी एक समजूत साहित्यांतही आहे. आमच्या मतें तिनें थट्टा करणाराची लेखनशैली तेवढी वाढते.

याच्या उलट दिशेनें झालेले दोन प्रयत्न आम्हांस विशेष परीक्षणीय वाटतात. पहिला २०१५ च्या सुमाराचा. त्याचें नांव ‘डूम अपस्टार्ट मॅपिंग प्रोजेक्ट’, म्हणजे आपल्या भाषेंत सांगावयाचें तर उपटसुंभांचा नकाशा-संच. आद्याक्षरें जोडलीं असतां त्याचा ‘डंप’ म्हणजे उकिरडा होतो. ही थट्टा मात्र आम्हांस आवडली. कारण ती नवशिक्याची नसून नवशिक्याच्या भीतीची आहे. उकिरड्यावर टाकावयाचेंच आहे म्हटल्यावर टाकण्यास कसली लाज? दुसरा प्रयत्न २०२१ सालचा, ‘रॅपिड ॲक्शन मॅपिंग प्रोजेक्ट’ अथवा ‘रॅम्प’. रॅम्प म्हणजे उतरंड, जिन्याऐवजीं केलेली सोपी चढण. हें नांवही अन्वर्थक आहे. सुमारें एका महिन्याची मुदत, विषयाचें बंधन नाहीं, पूर्वीं कधीं नकाशा न रचलेल्यांस आग्रहाचें निमंत्रण, अशी त्याची योजना होती. तिला साद देऊन आलेले नकाशे दोनशेंच्या घरांत होते. ते सगळे एकाच संचांत एकत्र बांधले गेले, आणि पुढील वर्षांतही हा उपक्रम पुन्हां झाला.

या योजनेंत तीन गोष्टी शहाणपणाच्या आहेत. पहिली मुदत. नवशिक्याचा खरा शत्रु आळस नसून पूर्णतेची हांव हा असतो. मुदत त्या हांवेचा हात धरते. ‘एका महिन्यांत केलेला आहे’ असें म्हणण्याची सोय असली म्हणजे अपुरेपणाची लाज अर्धी कमी होते. दुसरी शेजार. एकाच संचांत अनुभवी रचनाकाराचा नकाशा आणि कालच साधन हातीं घेतलेल्याचा नकाशा लागून येतात, आणि संच उघडणारा माणूस दोन्हींच्या दारांतून जातो. तिसरी गोष्ट म्हणजे काम पुरें होणें. अर्ध्यावर सोडलेल्या दहा थोर नकाशांपेक्षां पुरा केलेला एक सामान्य नकाशा शिकणाऱ्यास अधिक शिकवितो, हें आम्ही प्राध्यापकाच्या नात्यानेंही सांगूं शकतों; निबंधाचा शेवट कसा करावा हें शेवटापर्यंत न पोंचलेल्यास कधींच शिकवितां येत नाहीं.

मर्यादेचा हा उपयोग या मंडळीस पूर्वींही ठाऊक होता. २००० सालच्या सुमारास तेथें ‘टेन सेक्टर्स’ नांवाची एक स्पर्धा झाली होती. या खेळांत ज्या भागाची जमीन एका उंचीची, छत एका उंचीचें आणि उजेड एका प्रमाणाचा असतो त्याला सेक्टर म्हणतात. सारा नकाशा अशा दहाच सेक्टरांत बसवावयाचा, ही स्पर्धेची अट. ज्याच्या हातांत वीस कसब आहेत त्यालाही दहांतच भागवावें लागतें, आणि ज्याला दोनच येतात त्याला फारसें मागें पडल्यासारखें वाटत नाहीं. नियमाचें ओझें दोघांवर पडतें, पण तें नवशिक्यास आधार होतें आणि जुन्यास अडचण होते. नवागतास हात देण्याचे उपाय केवळ गोड बोलण्यांत नसतात. ते कामाच्या मांडणींत असतात.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. सर्वांस दार उघडें केलें तर दर्जा राहणार कसा? दोनशें नकाशांत वीस चांगले असतील, तर उरलेले एकशें ऐंशी खेळणाऱ्याचा वेळ कोणीं भरून द्यावयाचा? आमचें उत्तर असें कीं, दार आणि व्यासपीठ हीं दोन निरनिराळीं स्थळें आहेत. दारांत कोणासही अडवूं नये. व्यासपीठावर कोणासही उगाच चढवूं नये. रॅम्प हें दार आहे, काकोवॉर्ड हें व्यासपीठ आहे. दारांतल्या माणसास व्यासपीठाचे नियम लावले कीं कला ओसाड पडते; व्यासपीठावरील माणसास दाराचे नियम लावले कीं ती पोरकट होते. दर्जाची काळजी वाहणाऱ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, व्यासपीठावर आज बसलेल्यांपैकीं प्रत्येकजण केव्हां तरी दारांतूनच आंत आला आहे. आणि तो आला तेव्हां दार आजच्याहून रुंद होतें.

आतां टीकेविषयीं. नवशिक्याच्या कृतीवर तीन प्रकारचे अभिप्राय नेहमीं ऐकूं येतात. ‘छान आहे, असेंच चालूं द्या’ हा पहिला. त्यांत सौजन्य आहे, पण वाचन नाहीं. ‘आधीं शिकून या’ हा दुसरा. त्यांत वाचन असेल, पण मार्ग नाहीं. तिसरा अभिप्राय म्हणजे मौन, आणि तो सर्वांत जास्त माणसें परत पाठवितो. याहून निराळा असा चौथा प्रकार आहे, तो एका उदाहरणानें सांगतों. डूमच्या पहिल्या नकाशांत हमखास आढळणारा एक दोष आहे. दार उघडतांना तें वर सरकतें. तें सरकत असतां चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवरील चित्रही दाराबरोबर वर सरकतांना दिसतें, जणुं सारी चौकटच उचलली जात आहे. जुना रचनाकार हें पाहतांच हंसतो. पण त्या भिंतींच्या रेघांना एक खूण करावयाची राहिलेली असते, ती केली कीं चौकट जागच्या जागीं राहते. सारें काम मिनिटाचें असतें. ‘तुमची चौकट हलते’ असें म्हणणें ही टीका आहे. ‘चौकट हलते, या दोन रेघांना खूण करा, आणि तें दार उघडल्यावर पलीकडचा उजेड पायऱ्यांवर पडतो तो मात्र फार सुरेख साधला आहे, तेथें हात लावूं नका’ असें म्हणणें ही उपयोगाची टीका आहे. दोष सांगणें सोपें, कारण ते सर्वांचे सारखेच असतात. गुण सांगणें कठीण, कारण तो त्या एकट्याचा असतो आणि पुष्कळदां त्याला स्वतःलाही दिसलेला नसतो. नवशिक्यास उत्तेजन देणें म्हणजे त्याची स्तुति करणें नव्हे. त्याच्या कृतींत त्याचें स्वतःचें असें जें कांहीं असेल तें शोधून त्याच्या हातीं परत देणें होय.

अशा कच्च्या कृतींतून कलेस काय मिळतें, याचें उत्तर २०२३ सालानें मोठ्या ठसठशीतपणें दिलें. त्या वर्षाच्या मार्चमध्यें ‘मायहाउस’ नांवाची एक वॅड प्रसिद्ध झाली. मृत झालेल्या बालमित्राचा एक जुना नकाशा सांपडला, तोच थोडा नीटनेटका करून त्याच्या स्मरणार्थ देत आहे, अशी तिची बतावणी. खेळावयास बसावें तों खरोखरच एक साधें दुमजली घर, नवशिक्यांच्या त्या जुन्या शेंकडों घरांपैकींच एक. पण त्यांतून हिंडतां हिंडतां घर बदलूं लागतें. मघाशीं नव्हती ती खोली दिसते, होती ती नाहींशी होते, बाहेर जावें तर वाट पुन्हां आंतच आणते. आणि थट्टेचा विषय असलेलें तें घर शोकाचें व भयाचें रूप घेतें. डूमशीं ज्यांचा कधीं संबंध नव्हता अशा लोकांतही या कृतीचा बोलबाला झाला, आणि त्या वर्षींच्या काकोवॉर्डांत तिला मान मिळाला. रचना अत्यंत कसलेल्या हाताची आहे यांत शंका नाहीं. परंतु तिचा सारा परिणाम एका गोष्टीवर उभा आहे: खेळणाराने असलें भाबडें घर पूर्वीं पाहिलेलें असलें पाहिजे. १९९४ पासून असंख्य अनामिक नवशिक्यांनीं वांकडींतिकडीं घरें रचलीं नसतीं, तर हें घर बदलूं लागल्यावर कोणास धक्का बसला असता? ज्या प्रकारास जाणकार मंडळी तीस वर्षें हंसत आली, त्याच प्रकारानें त्यांना अखेर गप्प केलें. भाबड्या कृति या कलेचा कचरा नव्हेत. त्या तिचें खत आहेत.

तरी रॅम्पसारख्या उपक्रमांत उणीव नाहीं असें नाहीं. दोनशें नकाशांच्या गर्दींत प्रवेश मिळतो, पण भेट होतेच असें नाहीं. यादींतील आरंभींचे व चमकदार नांवांचे नकाशे लोक खेळतात. मधल्या कोठल्या तरी नकाशाच्या कर्त्याला, आपल्या दारांतून कोणी आंत आलें कीं नाहीं, याचा पत्ता लागत नाहीं. दार उघडें ठेवणें हें अर्धें काम झालें. आलेल्यास बसावयास सांगणें हें उरलेलें अर्धें. आमची सूचना अशी कीं, अशा संचांत नकाशा देणाऱ्या प्रत्येकानें दुसऱ्या दोघांचे नकाशे शेवटपर्यंत खेळून त्यांवर चार ओळी लिहाव्या, अशी अटच असावी. चार ओळी पुरेत. त्या त्याच नकाशाविषयीं असाव्या, म्हणजे झालें. यांत लिहिणाऱ्याचाही लाभ आहे. दुसऱ्याची हलणारी चौकट ज्यानें एकदां पाहिली, तो आपली चौकट पुन्हां तपासून पाहतो.

आणि हें काम जुन्यांच्या इभ्रतीस कमीपणा आणणारें आहे असेंही कोणीं समजूं नये. मूळ खेळाच्या कर्त्यांपैकीं एक असलेल्या जॉन रोमेरो यानें २०१६ च्या जानेवारींत, वीस वर्षांहून अधिक काळाच्या खंडानंतर, डूमसाठीं एक नवा नकाशा रचून लोकांपुढें ठेविला, आणि तो आपण हात पुन्हां वळावा म्हणून केला आहे असें मोकळेपणानें सांगितलें. २०१९ सालचा त्याचा ‘सिजिल’ हा नवा भाग पुढचा. ज्यानें ती भाषा घडविली त्याला पुन्हां उमेदवारी करण्यांत लाज वाटली नाहीं, मग तिच्यांत चार ओळी लिहिणाऱ्यांनीं नवागतास दारांत ताटकळत कां ठेवावें?

आमच्या वाचकांच्या घरांतही संगणकापुढें तासचेतास बसणारीं मुलें असतील. त्यांतील एखादा केवळ खेळत नसून कांहीं रचीत असण्याचा संभव आहे. रक्तपाताच्या खेळांविषयीं जी सावधगिरी बाळगावयाची ती अवश्य बाळगावी. पण त्यानें रचलेलें कांहीं कोणी आपणहून दाखविलें, तर तें शेवटपर्यंत पाहावें, आणि त्यांतील एक गोष्ट, एकच, नेमकेपणानें सांगावी. आमच्या मासिकांच्या परीक्षणाच्या पानांसही पहिल्या पुस्तकाविषयीं याहून मोठें कर्तव्य नाहीं.